आधीच काढून ठेवलेल्या सकाळी

"तू पोरांना उद्याचं हसू आजच काढून ठेवायला शिकवतेस," इतिहासाच्या बाई एकदा स्टाफरूममध्ये म्हणाल्या होत्या, "उद्या खरंच रडू आलं तर त्या बिचाऱ्यानं जायचं कुठं?" ती तेव्हा घाईत होती. पाळणाघराची वेळ होत आली होती, पिशवीची चेन अडकली होती. चेनशी झटापट करता करताच तिनं उत्तर फेकलं, "बाई, तुमच्या विषयातली माणसं मेलेली असतात, त्यांना रोज पोस्ट टाकावी लागत नाही." स्टाफरूम हसली. बाईही हसल्या, पण डोळ्यांनी नाही, आणि ते तिला दिसलं होतं. दिसून न दिसल्यासारखं करणं हे काही तिला नवीन नव्हतं. वयस्कर माणसं प्रत्येक नव्या गोष्टीला एकदा तरी शाप देऊन बघतात, लागला तर लागला, असं काहीतरी तिनं जिना उतरताना मनात म्हटलं, आणि तळमजल्यावर पोचेपर्यंत विसरूनही गेली.

वेळापत्रकात तिच्या विषयाचं नाव भारदस्त होतं, सोशल मीडिया आणि पर्सनल ब्रँडिंग. मार्केटिंगच्या शेवटच्या वर्षाला. शिकवायची पद्धत मात्र तिची स्वतःची. प्रत्येक मुलानं सत्रभर स्वतःचं एक अकाउंट चालवायचं, विषय कुठलाही, पण रोज काहीतरी पडलं पाहिजे. अर्धे मार्क निव्वळ सातत्याला. "तुमचा मूड हा तुमच्या ब्रँडचा पहिला शत्रू," ती पहिल्याच तासाला सांगायची. मग उपाय सांगायची. एका बऱ्या दिवशी बसा, प्रकाश चांगला असेल तेव्हा. कपडे बदला, कप उजवीकडचा डावीकडे ठेवा, केस बांधा, सोडा, पुन्हा बांधा. एका बैठकीत पुष्कळ दिवसांचे फोटो काढा, खाली ओळी लिहा, तारखा लावून रांगेत सोडा आणि खुशाल झोपा. अकाउंट आपलं आपण जागं राहील. कमेंटना, मेसेजना जाणारी उत्तरंसुद्धा आधीच भरून ठेवता येतात. तिच्या आईच्या पिढीनं वर्षाचं धान्य भरून ठेवलं, आपण चेहरे भरून ठेवतो, असं ती म्हणाली तेव्हा मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं होतं, "म्हणजे बेगमी, मॅडम!" तेव्हापासून वर्गात तोच शब्द रुळला. बेगमी झाली का? अरे, परीक्षा आली, बेगमी करून ठेव. ती खूश झाली होती. शिकवलेल्या गोष्टीला मुलांनी स्वतःचं नाव दिलं की ती त्यांच्या अंगात भिनली असं समजायचं, असा तिचा आडाखा होता.

तर त्या दिवशी ती वर्गात प्रोजेक्टर लावून उभी होती आणि पडद्यावर सुप्रभातचं अकाउंट होतं. सुप्रभात म्हणजे तिसऱ्या रांगेत खिडकीशी बसणारी, हळू बोलणारी मुलगी. रोज सकाळी खिडकीपाशी चहाचा कप घेऊन एक फोटो आणि खाली दोन ओळी, एवढाच तिचा उद्योग, म्हणून वर्गानं हे नाव ठेवलेलं. त्या दोन ओळींना हजारो लोक बांधले गेले होते. पुढच्या आठवड्यात एका कंपनीची माणसं मुलांची कामं बघायला येणार होती आणि विभागप्रमुखांनी बजावून ठेवलं होतं, सुप्रभात हा आपला हुकमी एक्का. "बघा," ती पडद्याकडे छडी करून म्हणाली, "एकही सकाळ चुकलेली नाही. आजचीसुद्धा." "मॅडम, पण ती स्वतःच चुकलीय," पहिल्या बाकावरची बडबडी म्हणाली, "बऱ्याच दिवसांत वर्गात फिरकली नाही." "सेलिब्रिटी झाली ना," मागून कुणीतरी. "आता फोटोच हजेरी लावतात तिचे." वर्ग हसला. तीही हसण्याच्या बेतात होती. पडद्यावरचा फोटो भिंतीएवढा झाला होता, फोनवर कधी दिसत नाही असं त्यात सगळं दिसत होतं, कपावरचा टवका, बोटावरचं अर्धं उडालेलं नेलपॉलिश, आणि हसणाऱ्या चेहऱ्यामागे हॉस्टेलच्या खिडकीतून दिसणारी लायब्ररीची मागची भिंत. उघडी, पिवळी, ओल आलेली भिंत. तिनं मान वळवून वर्गाच्या खिडकीबाहेर पाहिलं. हीच भिंत. पण दुरुस्तीसाठी बांबूच्या परांच्या बांधून तिच्यावर वरपासून खालपर्यंत हिरवी जाळी सोडली होती, आणि ती जाळी काही आज-काल लावलेली नव्हती, आठवडे झाले होते. जाळी वाऱ्यानं फुगत होती आणि बसत होती.

यात धक्का बसण्यासारखं काय होतं? काही नाही. बेगमी. तिनंच शिकवलेली. एखाद्यानं शिकवलेलं नीट केलं म्हणून आपण दचकावं हे हास्यास्पद आहे, असं तिनं स्वतःला सांगितलं आणि पुढचं अकाउंट लावलं, एका मुलाचं बुटांचं. पण बुटांबद्दल बोलताना तिचं लक्ष बोटात होतं. बोटावरचं अर्धं उडालेलं नेलपॉलिश. कालच्या फोटोतही तसंच होतं का? परवाच्या? तास संपल्यावर ती रिकाम्या वर्गात बसून फोनवर एक-एक सकाळ मागे सरकवत गेली. निळा सदरा, पांढरा सदरा, शाल, मोकळे केस, वेणी, आणि प्रत्येक सकाळी त्याच बोटाचं तेवढंच नेलपॉलिश, तोच टवका. चहावर साय धरलेली. म्हणजे हे सगळे दिवस एकच दिवस होता. एका दिवसाला सोलून त्याच्या पातळ पातळ पापुद्र्यांवर ही मुलगी महिनोन्‌महिने, का आठवडे, कोण जाणे, जगताना दिसत होती. आणि ती मुलगी, म्हणजे खरी, बोटांवरचं नेलपॉलिश एव्हाना सगळं उडून गेलेली, ती कुठं होती? तिनं मेसेज टाकला, कशी आहेस गं? बोट उचलायच्या आत उत्तर आलं. थँक यू! तुमचा दिवस सुंदर जावो. लवकरच बोलते. शेवटी एक पिवळं हृदय. तिनं पुन्हा लिहिलं, मी मॅडम बोलतेय, वर्गात का येत नाहीस? थँक यू! तुमचा दिवस सुंदर जावो. तिला एकदम रिकाम्या वर्गाची भीती वाटली. कुणीतरी दारामागे उभं राहून तिच्या तोंडावर गोड गोड बोलतंय आणि कडी काही काढत नाही, असं.

संशय हा तसा तिचा रोजचाच सोबती. मूल झाल्यापासून जास्त. पाळणाघराच्या ताई दुपारी पोरीचा हसरा फोटो पाठवायच्या आणि ती तो मोठा करून करून बघायची, गालावर ते लाल काय आहे, हा फ्रॉक आज घातला होता की काल, मागच्या घड्याळात किती वाजलेत. नवरा म्हणायचा, "तू आई आहेस की सीआयडी?" त्या दिवशीही फोटो आला. लेक ठोकळा धरून हसत होती. एरवी तिनं हृदय पाठवलं असतं. आज सरळ फोन लावला. "ताई, हा फोटो आत्ताचा आहे ना?" "म्हणजे काय मॅडम? आत्ताचाच की. तिचा ठोकळा पळवलाय बाकीच्यांनी, ऐका बाईसाहेबांचा आवाज." आणि फोनमधून लेकीचं भोकाड आलं, नाकातून, रागानं, श्वास अडकवून अडकवून रडलेलं. तिला हायसं वाटलं. ऐकत राहिली. रडण्याची बेगमी करता येत नाही.

आणि हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार. बाळंतपणाच्या आधी तिनंही रांग भरून ठेवली होती. तेव्हा तिचं अकाउंट चांगलं चालायचं, कामं यायची, खंड पडू द्यायचा नव्हता. पोटावर हात ठेवून काढलेले फोटो, इवले मोजे, उशा, पडद्यातून आलेलं ऊन, आणि खाली आईपणावर लिहिलेल्या ओळी, आई व्हायच्या आधीच लिहिलेल्या. मग मूल आलं. आणि त्या ओळींमधलं काहीच आलं नाही. आलं ते वेगळंच. मूल रडायचं आणि ती न्हाणीच्या थंड फरशीवर पाठ टेकून बसायची, दाराला आतून कडी. आपण उठलो नाही तर काय होईल याचा विचार करत, आणि तो विचार फार भयंकर न वाटता नुसता सोपा वाटत, हे त्यातलं सगळ्यात भयंकर. बाहेर पलंगावर फोन थरथरायचा. लोक हृदयं पाठवत होते. नवरा कामासाठी दुसऱ्या शहरात होता, त्यानं तिच्याच एका फोटोखाली सगळ्यांदेखत लिहिलं होतं, माझी वाघीण. बहीण नंतर म्हणाली, "अगं, रोज बघत होते की मी तुला, काय झकास दिसत होतीस! म्हटलं, आपण जाऊन कशाला तिच्या मध्ये मध्ये करा." खोटं कुणीच बोललं नव्हतं. जो तो बघत होता. शेवटी वर आली ती खालच्या मजल्यावरची बाई, आणि तीही भांडायला. "अहो, मूल आहे की भोंगा? माणसानं दुपारी पडायचं की नाही घटकाभर?" असं म्हणत ती दारात उभी राहिली, आणि मग हिच्या तोंडाकडे बघून तिचं भांडण तोंडातच विरघळलं. काही न विचारता ती आत आली. मूल उचललं. "तू निज," म्हणाली. त्या बाईकडे स्मार्टफोनच नव्हता.

त्या मुलीबद्दल सांगायला ती गेली तेव्हा विभागप्रमुख मात्र खुर्चीत मागे रेलले. "मॅडम, एकूण तक्रार काय आहे? पोस्ट येतायत, लोक वाढतायत. तुमच्याच पद्धतीनं चाललंय." "सर, मुलगी येत नाहीये." "शेवटच्या वर्षाला कोण येतं? राग मानू नका, पण मूल झाल्यावर बायकांना सगळीकडे काहीतरी शिजताना दिसतं. आमच्या हिचंही तसंच होतं." मग आवाज मऊ करून, "हे बघा, कंपनीची माणसं येऊन जाऊ देत. तोवर उगाच डोहात दगड नको." तिला त्या मऊ आवाजाचा संशय आला. यांनाही ठाऊक आहे, आणि यांनी ठरवलंय की ठाऊक नाही. पण पुढच्याच क्षणी वाटलं, आपल्याला तरी दुसरं काय हवंय? कंपनीच्या लोकांपुढं हुकमी एक्का म्हणून तोच चेहरा दाखवताना आपली छाती फुगणार नव्हती का? ऑफिसातून घरचा नंबर मिळवून तिनं मुलीच्या आईला फोन लावला. मागे शिलाई मशीनचा खडखडाट होता. "मॅडम? काही झालं का?" "नाही नाही, सहज. मुलीशी शेवटचं कधी बोललात?" मशीन थांबलं. "बोलले म्हणजे... फोन उचलत नाही ती. कामात असते ना. तुमच्याच विषयाचं काम, तीच सांगायची. पण रोज दिसते की मला! सकाळी उठले की आधी तिचा फोटो बघते, चहा पिताना. ती तिकडं पिते, मी इकडं पिते." बाई हसल्या. "बारीक झालेली नाही, तेवढं बरं आहे. मग लागते कामाला." ती बारीक होणार नाही, आई, ती आता कधीच बारीक होणार नाही, हे कसं सांगायचं?

बडबडी कँटीनमध्ये सापडली. "ती? हॉस्टेल सोडून कधीच गेली, मॅडम. बाहेर खोली घेतलीय. मी मेसेज केलेला, लगेच रिप्लाय आला म्हणून मग..." "काय आला?" बडबडीनं फोन पुढं केला. पिवळं हृदय. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. बडबडी पुटपुटली, "पत्ता आहे माझ्याकडे. सामान न्यायला गेले होते मी. मॅडम, पण तिनं खोलीत ती खिडकीची जागा केली नव्हती हो. मी विचारलंसुद्धा, फोटो कुठं काढणार? तर म्हणाली, आता लागायचे नाहीत."

आता लागायचे नाहीत. लेकीला पाळणाघरातून कडेवर घेऊन ती त्या पत्त्याकडे निघाली तेव्हा हे तीन शब्द तिच्याबरोबर चालत होते, पायात घुटमळणाऱ्या मांजरासारखे. रस्त्यावर सगळे लोक आपापले चेहरे घेऊन चालले होते आणि तिला कुठल्याच चेहऱ्याचा भरवसा वाटेना. बसथांब्यावर एकजण फोनकडे बघून हसत होता. हसू दे. फळवाला "या ताई" म्हणाला. कधी भरून ठेवलेलं हे "या ताई"? रांगेत अजून किती उरलंय? शेवटचा फोटो कोणत्या तारखेचा लावलाय तिनं, आणि त्याच्या पुढच्या दिवसाचं काय ठरवलंय? हा प्रश्न मनात आला तशी ती पळायलाच लागली, कडेवरची लेक त्या हिसक्यांनी खिदळायला लागली.

घरमालकीणबाई अंगणात कपडे झटकत होत्या. "वरच्या मुलीकडे? जा की. फार गुणाची. आवाज नाही, गोंगाट नाही, येणं-जाणं नाही. अशी भाडेकरू शोधून सापडायची नाही." "तुम्ही कधी पाहिलंत तिला शेवटचं?" "अहो, सकाळीच की!" आणि त्यांनी ओल्या हातानं कमरेला खोचलेला फोन काढून दाखवला.

जिना अरुंद होता. दार बंद. तिनं कडी वाजवली. नाव घेऊन हाक मारली. आत काहीच हललं नाही. "मी आहे गं, मॅडम. मार्कांचं काही नाही. काहीच नाही, नुसती आलेय." स्वतःचा आवाज तिला खोटा वाटला, वर्गातला, आधीच लिहून ठेवलेला. दाराला कान लावला तर स्वतःच्याच कानातलं रक्त ऐकू आलं. खाली जाऊन मालकीणबाईंकडून दुसरी किल्ली मागायची की पोलिसांना फोन करायचा, हे ती ठरवत होती, तेवढ्यात कडेवरच्या लेकीला कंटाळा आला. लेकीनं दोन्ही तळहातांनी दार बडवायला घेतलं आणि मग भोकाड पसरलं, तसंच, नाकातून, श्वास अडकवून. तिनं लेकीला गप्प केलं नाही. कडेवर तशीच धरून तिथंच उभी राहिली आणि तिला रडू दिलं. खाली मालकीणबाई काहीतरी बोलल्या. लेक रडत होती, रडत होती, आणि मग आतून सरपटल्यासारखा पायांचा आवाज आला. कडी निघाली.

अंधारात आधी डोळेच दिसले. मग केसांचा झालेला गोळा, आणि फोटोतल्या निळ्या सदऱ्याची मळून झालेली राख. खोलीला बंद अंथरुणाचा वास होता. "बाळ का रडतंय?" मुलगी म्हणाली. आवाज बरेच दिवस न वापरलेला. "तुझ्याकडे यायचंय म्हणून," ती म्हणाली, आणि लेकीला घेऊन आत शिरलीच, बोलावण्याची वाट न बघता. पलंगाच्या कडेवर दोघी बसल्या. लेक हुंदके देत मुलीच्या बोटांशी खेळू लागली. बोटांवर नेलपॉलिशचा एक कणही नव्हता.

"एक दिवस बरा होता, मॅडम," मुलगी भिंतीला सांगितल्यासारखी म्हणाली. "कितीतरी दिवसांतून एकच. म्हटलं, आज जेवढं हसून घेता येईल तेवढं घेऊ. मग कुणाला दिसायला नको. लोक भेटले की विचारायचे, आज फोटोसारखी का नाही दिसत?" "आणि रांग संपल्यावर?" तिनं विचारलं. विचारताना लेकीचा पाय घट्ट धरून ठेवला होता. मुलगी खांदे उडवून म्हणाली, "वाटलं होतं, संपली की कुणीतरी येईल. नाहीतर मग बघू." बघू म्हणजे काय, ते तिनं विचारलं नाही. तिला ते ठाऊक होतं. न्हाणीची फरशी किती थंड असते तेही. "संपायच्या आधीच आलात तुम्ही," मुलगी म्हणाली, आणि तिचा चेहरा कुठल्याच फोटोत बसणार नाही असा वेडावाकडा झाला.

फोन केल्यावर त्याच संध्याकाळी मुलीची आई आली, गळ्यात मोजपट्टी तशीच लटकत. आपल्या मुलीला बघून ती दारातच खाली बसली. "पण मी रोज बघत होते," एवढंच म्हणत राहिली, "मी रोज बघत होते गं." दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे नेलं, मग गावाला. रांग थांबवायचं त्या गडबडीत कुणाच्याच डोक्यात आलं नाही, आणि त्या सकाळीही सुप्रभातनं चहाचा कप हातात घेऊन जगाला हसून दाखवलं. नेहमीपेक्षा जास्तच हृदयं आली. मुलगी बरी होईल का? डॉक्टर म्हणतात, वेळ लागेल. कंपनीच्या माणसांपुढं तिनं बुटांचं अकाउंट दाखवलं. विभागप्रमुख तिच्याशी तुटक बोलतात आता. सातत्याचे मार्क तिनं काढून टाकलेत, पण त्यानं काय होणार, तिच्याकडून शिकून बाहेर पडलेली पोरं आज कुठं कुठं काय काय भरून ठेवत असतील याचा हिशेब तिच्याकडे नाही. भाजी निवडताना, लेकीला झोपवताना, तिच्या मनात एकेक चेहरा येतो आणि ती ज्याला त्याला फोन लावत सुटते. काहीजण हसतात. मॅडमना काहीतरी झालंय म्हणतात. काहीजण फोन उचलत नाहीत.

तिचे दोन पाय कुठं कुठं पुरणार? म्हणून वाचणाऱ्याकडे तिचं एकच मागणं आहे. हे वाचता वाचता एखादा माणूस तुमच्या मनात आला असेल, रोज दिसतो म्हणून तुम्ही ज्याला बऱ्याच दिवसांत भेटला नाहीत असा. मेसेज करू नका. उत्तर येईल. उठून जा. निमित्त हवं असेल तर भांडायला जा, नाहीतर डबा परत न्यायला आलोय म्हणा, डबा नसला तरी. दार उघडून तो "मजेत आहे" म्हणाला तर लगेच पाठ फिरवू नका. आत जा, बसा, पाणी मागा. आणि ते आणायला तो उठतो का, तेवढं बघा.